सत्तावीसपैकी तीन

प्लेटमधली पाच भोकं पिवळी झाली तेव्हा मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार.

"मॅडम, जरा बघता का?" मी हाक मारली.

डॉ. कानडे मॅडम आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख. हातातलं काम ठेवून त्या आल्या आणि प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ओळीनं छोटी छोटी भोकं, प्रत्येक भोकात एका माणसाच्या रक्तद्रवाचा थेंब. कावीळ 'बी'चा विषाणू अंगात असेल तर रक्तात त्याच्या आवरणाची खूण सापडते आणि ते भोक पिवळं होतं. नसेल तर पाण्यासारखं स्वच्छ राहतं.

"कुठलं शिबिर?"

"कवठाण्याचं. रविवारी झालं ते. एकेचाळीस पिशव्या."

"एकेचाळिसात पाच?" मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "शंभरात दोन-तीन निघतात आपल्याकडं. परत लाव. दुसरा किट घे."

मी परत लावली. दुसऱ्या किटवरही तीच पाच भोकं पिवळी झाली. मग मॅडमनी स्वतः लावून बघितली. तिसऱ्यांदाही काही फरक पडला नाही.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि तंत्रज्ञ म्हणून लागून तिसरं वर्ष चालू होतं.

"कवठाणा म्हणजे तुझंच गाव ना, उज्ज्वला?"

"हो."

"तिथं दवाखाना?"

"नाही. बाजाराच्या दिवशी गोजे डॉक्टर येतात मोटारसायकलवर. देवळामागच्या खोलीत बसतात."

"आणखी कोण आहे? दात काढणारा, गोंदणारी, न्हावी?"

"न्हावी आहे," मी म्हणाले. "एकच. माझे वडील."

मॅडमनी प्लेट खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुला अवघड जाईल. मी तुझ्याबरोबरच्या कुलकर्णीला पाठवते."

"मीच जाते, मॅडम. दुसऱ्या कुणाला विचारलं तर ते घाबरतील. मला खरं सांगतील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गावी उतरले. अण्णांचं दुकान थांब्याला लागूनच होतं. पत्र्याची खोली, लाकडी खुर्ची, समोर पारा उडालेला आरसा. खुर्चीत भानुदास काळदाते बसला होता. त्याची पिठाची गिरणी होती, त्यामुळं भुवयांवर कायम पीठ असायचं. अण्णांनी त्याची दाढी संपवली, हनुवटीपाशी जरा रक्त आलं होतं तिथं तुरटी फिरवली, वस्तरा ओल्या फडक्याला पुसला आणि बाकावरच्या बापूला म्हणाले, "ये."

"अण्णा, जरा थांबा," मी म्हणाले. "दोन मिनिटं बोलायचंय."

दुकानाच्या मागं जाऊन मी त्यांना सांगितलं. गावात कावीळ बीची माणसं निघालीत, नेहमीपेक्षा फार जास्त. हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहतो, माणूस धडधाकट दिसतो, काम करतो, आणि आतून लिव्हर सडत जातं.

"पसरतो कसा?" अण्णांनी विचारलं.

"रक्तातून. डोळ्याला दिसणार नाही एवढं रक्त पुरतं. सुईतून जातो. बाळंतपणात आईकडून लेकराला जातो. नवराबायकोत जातो."

"आन वस्तऱ्यानं?"

मी घुटमळले. "जाऊ शकतो."

"तुरटीनं?"

"कातडी कापलेली असली, तर जाऊ शकतो."

अण्णा तसेच वळले. दुकानात गेले, वस्तरा मिटून पेटीत ठेवला, तुरटीचा खडा उचलून उकिरड्यावर फेकला आणि बापूला म्हणाले, "बापू, आजपासून बंद."

"कामून? साबण तर लाव."

"पोरीला तपास करायचाय. तवर कुणाच्या गालाला हात लावायचा न्हाई मी."

दुकान बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. मला फक्त नवी पाती वापरा, एवढं सांगायचं होतं. आईनं घरी हे ऐकलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. "अहो, बंद केलं म्हंजी कबूलच केलं की," ती म्हणाली. "आता गाव काय म्हणंल?"

गाव काय म्हणालं ते दुपारपर्यंत कळलं. त्या पाच जणांना रक्तपेढीतून बोलावणं गेलंच होतं, त्यामुळं ती गोष्ट लपून राहिली नव्हती. त्यात सोपान न्हाव्यानं दुकान मिटलं. दोन्ही गोष्टी गावानं जोडल्या. पुढच्या मंगळवारी गोजे डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही मान डोलावली. "वस्तऱ्यानंच होतं हे," ते म्हणाले. "पुस्तकात आहे."

त्याच आठवड्यात सरपंचांच्या नातवाचं जावळ होतं. त्या घरातलं प्रत्येक जावळ आमच्याच माणसांनी काढलं होतं, माझ्या आजोबांपासून. सरपंचांनी शेजारच्या गावाहून न्हावी आणवला. तो एसटीतून उतरला आणि आमच्या बंद दुकानावरूनच पुढं गेला. अण्णा ओट्यावर बसले होते. त्याला हात करून म्हणाले, "लेकराची टाळू मऊ असती. पाणी कोमट घे."

मी दर दोन दिवसांनी गावी यायचे. त्यातल्याच एका दिवशी अण्णांनी बाही वर सारली.

"रक्तात खूण राहती म्हणलीस ना? माझी काढ."

"एकच नसते खूण," मी म्हणाले. "तीन-चार असतात. एक सांगते की विषाणू आता अंगात आहे. दुसरी सांगते की तो जोरात वाढतोय की दबून आहे. आणखी एक सांगते की कधीकाळी येऊन गेला. आणि एक सांगते की अंगानंच त्याला हरवलं, आता परत होणार नाही."

"मंजी घरात कोण हाय, कोण येऊन गेलं, समदं कळतं."

"जवळजवळ."

"मग काढ. माझ्या घरात कोण येऊन गेलं ते मला बघू दे."

त्यांच्या रक्तात पहिली खूण नव्हती. विषाणू नव्हता. पण येऊन गेल्याची खूण होती आणि हरवल्याचीही. म्हणजे कधीतरी कुणा गिऱ्हाइकाचं रक्त त्यांच्या कापलेल्या बोटात गेलं असावं. त्यांना कळलंही नसेल, दोन-चार आठवडे अंग मोडून आलं असेल आणि गेलं असेल.

"यावरून वस्तऱ्याबद्दल काही सिद्ध होत नाही," मॅडम मला म्हणाल्या. "पण विषाणू त्यांच्या हातापर्यंत पोचला होता, एवढं खरं."

मी अण्णांना सांगितलं, तुमचं रक्त स्वच्छ आहे. ते खोटं नव्हतं.

मॅडमनी जिल्ह्यातून परवानगी काढली आणि सगळं गाव तपासायचं ठरलं. शाळेच्या वर्गात टेबल टाकलं. पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. दुसऱ्या दिवशी चार. लोकांना वाटत होतं, सरकारी माणसं रक्त नेतील, नाव निघालं तर पोरीबाळींची लग्नं मोडतील. कुणी दारं उघडायलाच तयार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धोतर, पांढरा सदरा, टोपी घालून शाळेत आले. "चल," म्हणाले. "मी दारं उघडून देतो."

"अण्णा, लोक तुमच्यावरच चिडलेत."

"म्हणून तर उघडतील."

पहिलं घर सरपंचांच्या चुलतभावाचं होतं. तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला, आत या म्हणाला नाही. अण्णांनी खालूनच नमस्कार केला.

"माझ्यावर राग हाय ना, दाजी?" ते म्हणाले. "रागाला कारण हाय का न्हाई ते तपासल्याबिगर कळायचं न्हाई. घरातल्या समद्यांचं रक्त द्या. माझ्या वस्तऱ्यानं झालं असंल तर पुरावा व्हईल तुमच्या हातात. मग काय करायचं ते करा."

तो माणूस गोंधळला. त्याला भांडायचं होतं, आणि अण्णांनी त्याच्याच बाजूनं बोलून टाकलं होतं. त्यानं बायकोला हाक मारली. त्या घरातल्या सात जणांनी रक्त दिलं.

आठ दिवस आम्ही तसे फिरलो. पुढं अण्णा, मागं मी आणि हातात बर्फाची पेटी. अण्णा प्रत्येक दारात तेच बोलायचे. कुणी शिव्या दिल्या, तर संपेपर्यंत ऐकून घ्यायचे आणि परत तेच बोलायचे. तीनशे अठरा माणसांनी रक्त दिलं.

रक्ताबरोबर एक फॉर्मही भरायचा होता. सुई घेतली का, कुणाकडून, ऑपरेशन झालं का, रक्त चढवलं का, दात काढला का, गोंदवलं का, दाढी कुठं करता. लोकांना आठवायचं नाही. अण्णांना आठवायचं. तीस वर्षं गावातला प्रत्येक पुरुष आठवड्यातून एकदा त्यांच्यासमोर मान वर करून बसला होता आणि बोलला होता.

"तुला मागल्या पोळ्याला ताप न्हवता का?" ते विचारायचे. "गोज्यानं तीन सुया मारल्या म्हणत होतास. बसता येत न्हाई म्हणत होतास."

"व्हय की," तो माणूस म्हणायचा. "इसरलोच होतो."

पहिल्या शंभर फॉर्मांनंतर मॅडमनी मला विचारलं, "दाढीचा रकाना तू रिकामा का सोडतेस?"

"सगळेच पुरुष तिथं दाढी करतात, मॅडम. बाधा झालेलेही आणि न झालेलेही. त्यातून काही निघणार नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

सत्तावीस जणांच्या रक्तात विषाणूची खूण निघाली. त्यांत अकरा बायका होत्या आणि चार लहान मुलं. ज्यांचे नवरे स्वच्छ निघाले अशा बायका होत्या, आणि ज्यांच्या आया स्वच्छ होत्या अशी मुलं. त्यांच्यापैकी कुणाच्या गालाला माझ्या बापाचा वस्तरा कधी लागलेला नव्हता. पण गोजे डॉक्टरची सुई प्रत्येकानं घेतली होती, कुणी पाच, कुणी तीस. मॅडमनी दुसऱ्या बाजूनंही मोजून बघितलं. गावात सुईचा नाद नसलेली, कधीच न घेतलेली सत्तर माणसं होती. त्यांत बाधा झालेले फक्त तीन निघाले.

"इतकं स्वच्छ चित्र क्वचित दिसतं," मॅडम म्हणाल्या. "सत्तावीसपैकी चोवीस. सुईच आहे ही. त्या तिघांचं काय?"

"समजत नाही," मी म्हणाले.

"आईकडून आला असेल. आया हयात आहेत?"

"नाहीत."

"मग अज्ञात लिही."

गावाला निष्कर्ष सांगायला आम्ही रविवारी सकाळी शाळेत सभा बोलावली. पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. सरपंच खुर्चीवर, शेजारी मॅडम, आणि एका कडेला गोजे डॉक्टर. त्यांना सरपंचांनीच बोलावलं होतं. अण्णा सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "तू वाच. तुझ्या भाषेत सांग. माझं त्यांना कळायचं नाही."

मी उभी राहून वाचलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. बायका किती, मुलं किती, सुई घेतलेले किती, न घेतलेले किती. एकच सुई पुसून पुसून वापरली, की एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात कसं जातं, ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "उरलेल्या तिघांचं कारण समजलेलं नाही."

मग गोजे डॉक्टर उठले.

"मी सुयांचा डबा उकळतो," ते म्हणाले. "या गावाला रात्री-अपरात्री कोण धावून येतं? सरकारी दवाखाना येतो का? आणि ही पोर सोपानची. बापाला वाचवायला तिनं आकडे फिरवले नसतील कशावरून?"

लोकांत कुजबुज झाली. गोजेंनी बऱ्याच घरांत तापातून माणसं उठवली होती. लोकांना ते आठवत होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आकडे मी स्वतः तपासलेत. माझी सही आहे." पण मॅडम बाहेरच्या, आणि मी सोपानची.

सरपंचांनी घसा खाकरला. त्यांना सभा मिटवायची होती. "डॉक्टरांचं आपण बसून बघू," ते म्हणाले. "पण एक झालं. सोपानवर उगीच आळ आला. सोपान सुटला म्हणायचा."

चार-दोन जण मागं वळून अण्णांकडं बघून हसले. एकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

अण्णा भिंतीला हात लावून उठले.

"सुटलो न्हाई," ते म्हणाले.

लोक मागं वळले. अण्णा गावात जन्मले, वाढले, पण चार माणसांपुढं उभं राहून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. माणसाच्या कानाशी बोलायचं काम त्यांचं.

"माझी पोरगी म्हणली, तिघांचं कारण समजलं न्हाई. मला समजलंय. मी तिच्यासंगं दारोदार फिरलो. बोलावणं कुणाला आलं, ते बी बघितलं. ती तीन माणसं कोण, ते मला ठावं हाय. नावं मी घेणार न्हाई. त्यांनी जन्मात सुई घेतली न्हाई, दात काढला न्हाई, गोंदवलं न्हाई. बायका त्यांच्या साफ हायेत. पर तिघं बी माझ्या खुर्चीत बसलेत. वीस-पंचवीस वर्षं. आठवड्याच्या आठवड्याला."

मी हातातला कागद घट्ट धरून उभी होते.

"आन दुसरं," ते म्हणाले. "माझ्या रक्तात खूण निघाली. येऊन गेल्याची. मंजी इखार माझ्या हातावर होता. वस्तऱ्यावर होता. पोरीनं मला सांगितलं, तुमचं रक्त साफ हाय. मी डॉक्टरीणबाईला परत विचारलं, तवा त्यांनी समजावून सांगितलं."

मॅडम उठल्या. "सोपानराव, हे नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी आईकडून आला असेल. त्या आया आता नाहीत, तपासता येत नाही. मोठ्या माणसाला वस्तऱ्यानं झालं तरी बहुतेकांचं आपोआप बरं होतं, तुमचं झालं तसं. मी खात्रीनं तुमच्यावर टाकू शकत नाही."

"खात्री न्हाई, तर खात्री न्हाई असं लिहा," अण्णा म्हणाले. "पर लिहा. समजलं न्हाई असं लिहू नका. उद्या दुसऱ्या गावात दुसरा न्हावी आसंल, त्येच्या हातात असाच वस्तरा आसंल. त्याला कोण सांगणार?"

मग ते गावाकडं वळले.

"मी फडकं ओलं करून पुसत होतो. माझ्या बापानं तसंच शिकवलं. मला ठावं न्हवतं. पर ठावं न्हवतं म्हणून झालेलं न झाल्यागत होत न्हाई. चोवीस कुणाचे ते ज्यानं त्यानं बघावं. तीन माझे."

आणि ते खाली बसले.

पुढच्या ओळीत भानुदास काळदाते होता. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. मला सुई माहीतच नाही, असं हा माणूस चारचौघांत छाती पुढं काढून सांगायचा. त्याच्या रक्तातली दुसरी खूणही वाईट होती, विषाणू जोरात वाढत होता. मीच तो निकाल त्याच्या हातात दिला होता.

"त्या तिघांतला एक मी," तो म्हणाला. त्याची बायको बायकांच्या घोळक्यातून त्याला बसायला खुणावत होती. त्यानं तिकडं बघितलं नाही. "सोपानदा, पंधरा दिवस मी इचार करतोय, मला कशानं झालं. मला वाटायचं, माझंच काय वंगाळ असंल. घरची बी तशीच बघायची. आज कळलं." तो मागं अण्णांकडं वळला. "राग आलाय मला. न्हाई म्हणत न्हाई. पर तू सांगितलंस."

मग तो गोजेंकडं वळला. "डॉक्टर, न्हाव्यानं तीन घेतले. तुम्ही किती घेताय?"

गोजेंनी सरपंचांकडं बघितलं. तेवढ्यात बायकांमधून गिरजाआजीचा आवाज आला. तिच्या नातवाचं नाव सत्तावीसांत होतं. वय वर्षं सहा.

"डबा सकाळी एकदा उकळतो त्यो," ती म्हणाली. "माझ्याच चुलीवर. पुन्यांदा दिवसभर न्हाई. मी पाणी देती त्याला. मला काय ठावं."

त्यानंतर एकेक जण बोलायला लागला. कुणी सांगितलं, सुई बोथट झाली म्हणून दगडावर घासताना बघितलंय. कुणी सांगितलं, माझ्या आधीच्या माणसाचं रक्त सुईच्या काचेत दिसत होतं. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. न्हावी बोलेपर्यंत कुणी तोंडातून काढलं नव्हतं. गोजे केव्हा उठून गेले ते कळलं नाही, मोटारसायकलचा आवाज तेवढा आला.

सभा संपल्यावर मी आणि अण्णा घराकडं निघालो.

"अण्णा, रकाना मी मुद्दाम रिकामा सोडला," मी म्हणाले.

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. समद्या रकान्यांचं तू विचारत होतीस. दाढीचं कुणालाच विचारलं न्हाईस. माझ्या तोंडाकडं बघायचीस आन पान उलटायचीस."

"मग मला तेव्हाच का नाही म्हणालात?"

अण्णा चालता चालता थांबले. "म्हणलं, तू सांगशील. शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघितली, माय. तू वाचायला उभी राहिलीस तवा बी म्हणलं, आता सांगंल." ते परत चालायला लागले. "तू न्हाई सांगितलंस, मग मला उठावं लागलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

गोजेंवर तक्रार झाली, चौकशी झाली. पुढं त्यांचं काय झालं ते नीट कळलं नाही. दुसऱ्या तालुक्यात बसतात असं कुणीतरी सांगितलं होतं. कवठाण्यात मात्र ते परत आले नाहीत. ज्यांच्या रक्तात खूण नव्हती त्या सगळ्यांना लशीचे तीन डोस दिले. गरोदर बायांची तपासणी सुरू झाली. दोघी जणींच्या रक्तात विषाणू होता. त्यांची बाळंतपणं जिल्ह्याला केली आणि बाळांना जन्मल्याबरोबर लस आणि जोडीचं इंजेक्शन दिलं. वर्षानं त्या दोन्ही बाळांचं रक्त मीच लावलं. दोन्ही भोकं स्वच्छ राहिली.

अण्णांनी दुकान अडीच महिन्यांनी उघडलं, पातं बदलायचा वस्तरा आणून. गिऱ्हाइकासमोर नवं पातं फोडायचे, झालं की त्याच्यासमोरच मोडून डब्यात टाकायचे. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भानुदास गिरणी बंद करून आला आणि खुर्चीत बसला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. भानुदासला पुढं गोळ्या सुरू झाल्या. विषाणू दबला. दर सहा महिन्यांनी अण्णा त्याच्यासोबत एसटीनं जिल्ह्याला यायचे आणि त्याचं रक्त काढून होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. तिघांतला दुसरा पुण्याला गेला. तिसऱ्यानं अण्णांना कधीच माफ केलं नाही. अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली, तो मातीलाही आला नाही. त्याच्याबद्दल अण्णा कधी वाकडं बोलले नाहीत. "त्याचं बराबर हाय," एवढंच म्हणायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्या सभेनंतरच्या आठवड्यातलं. अहवाल जिल्ह्याला पाठवायचा होता. मॅडम म्हणाल्या, "तपासनीस म्हणून कुलकर्णी सही करेल. तुझ्यावर कुणी बोट दाखवायला नको."

"मी केलाय तपास," मी म्हणाले. "सही मीच करते. फक्त मला एक दिवस द्या. दाढीचा रकाना भरून आणते."

मी परत घरोघर गेले आणि तो रकाना भरला. मग अहवाल नव्यानं लिहून काढला आणि पाठवायच्या आधी घरी घेऊन गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षराखाली बोट ठेवून वाचायचे. शेवटच्या पानावर आले आणि हळूहळू मोठ्यानं वाचायला लागले.

"उर्वरित तीन रुग्ण. संभाव्य कारण, गावातील न्हावी सोपान तुकाराम बिडवे यांच्याकडील सामायिक वस्तरा व तुरटी. खात्रीलायक पुरावा नाही. ही माहिती सदर न्हाव्याने स्वतःहून दिली."

त्यांनी मान हलवली. बोट खाली सरकलं आणि एका जागी थांबलं.

"इथं बी माझं नाव हाय," ते म्हणाले.

"हो. दोन ठिकाणी आहे."

मी रोज सही करायचे ती नुसती इंग्रजी आद्याक्षरांची असायची. त्या कागदावर मात्र तपासनीस या शब्दाच्या पुढं मी मराठीत पूर्ण नाव लिहिलं होतं. उज्ज्वला सोपान बिडवे.

अण्णांनी सदऱ्याला हात पुसले, पानं एकावर एक नीट लावली आणि कागद माझ्या हातात दिले.

"पाठव," ते म्हणाले. "आता बराबर झालंय."